पगार महिन्याला, हळदीची पट्टी वर्षाला: घरातली पाच खाती लावायची कशी?

वसमतची थोरली

नमस्कार. पैसे कमी पडतात ही तक्रार नाही (पडतात, पण ते सगळ्यांचंच आहे). अडचण अशी की कुठल्या खात्यातला पैसा कशासाठी आहे, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही.

मिस्टर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक आहेत. पगार १९,०००, खाजगी बँकेत जमा होतो. दोन एकर हळद आणि थोडं सोयाबीन. सोयाबीन खत-औषधाच्या उधारीतच जातं, त्याचं धरू नका. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून पीककर्ज आणि हळदीची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी आणि तिचे पैसे) दोन्ही त्यांच्या जिल्हा बँकेतल्या खात्यात. माझं खातं सरकारी बँकेत, बचत गटामुळं निघालेलं. मुलीचं सुकन्या पोस्टात. आणि सासूबाईंची पतसंस्थेत पिग्मी, रोजचे ५० रुपये. एजंट दिवेलागणीला येतो, चहा घेऊन जातो.

यंदा ३६ क्विंटल हळद १३,००० नं गेली. भाडं, हमाली, तोलाई जाऊन ४ लाख ६० हजार आले. गेल्या वर्षीही बऱ्यापैकी आले होते आणि दसऱ्याला खात्यात काही नव्हतं. कुणी उधळले म्हणावं तर तसंही नाही. पत्रे टाकले, नणंदेच्या घरचं लग्न झालं, बाकीचे कुठं गेले ते पासबुकातूनही कळत नाही. नोव्हेंबरात पॉलिसीच्या हप्त्याला माझ्या भावाकडून पैसे घ्यावे लागले.

पगाराच्या खात्याची वेगळीच तऱ्हा. फोनपेला तेच जोडलेलं, दूध, डिझेल, पोरांचे बूट सगळं त्यातून. गाडीचा हप्ता ३,१५० दर महिन्याच्या ५ तारखेला त्याच खात्यातून कटतो. मार्चमध्ये ४ तारखेला डिझेल भरलं आणि हप्ता बाउन्स. बँकेचे ५९० गेले, फायनान्सवाल्याचा दंड वेगळा.

आता मुलगा अकरावीला लातूरला जायचा म्हणतोय. क्लास, रूम, मेस मिळून वर्षाला १ लाख ६० हजारांचा अंदाज आहे. पहिला हप्ता जूनमध्ये ७०,०००, दुसरा ऑक्टोबरात ४०,००० आणि रूम-मेसचे महिन्याला ५,००० असे दहा महिने.

यूट्यूबवर बघितलं तर सगळे पगाराचे टक्के सांगतात. आमचा पगार म्हणजे घरातला निम्म्याहून कमी पैसा, उरलेला वर्षातून एकदा आणि तोही मार्केटच्या मर्जीनं. असं घर कुणी चालवत असेल तर सांगा.

शेवटचं एक: सासऱ्यांचा पीएम किसानचा हप्ता या खेपेला जिल्हा बँकेत आलाच नाही. गावात बाकीच्यांना आलाय.

नांदेड ते हिंजवडी

ताई, सोपं आहे. झिरो बॅलन्सची तीन ऑनलाइन खाती काढा: गरजा, हौस, बचत. ५०-३०-२० चा नियम लावा. ॲपमध्ये प्रत्येक ध्येयासाठी वेगळा कप्पा करता येतो, फोटोसुद्धा लावता येतो.

वसमतची थोरली

दादा, खाती पाच आहेत तीच सांभाळेनात, आठ करून काय करू? आणि हौसेचे ३० टक्के वाचून मिस्टर पाच मिनिटं हसले.

मोंढ्यातला मुनीम

ताई, मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानात) मुनीम आहे. केस तिथंच पांढरे झाले. तुमच्याकडं हळद, माझ्यासमोर सोयाबीन, तूर, हरभरा, एवढाच फरक.

पट्टी हातात पडल्यावर माणूस कुठं जातो ते मला गादीवर बसून दिसतं. आधी खतवाल्याची उधारी, ते बरोबरच आहे. मग सराफा, नाहीतर मोटारसायकलचं शोरूम. चार वाजेस्तोवर पट्टी निम्मी होती. तो माणूस उधळ्या नसतो हो. चार लाख एकदम बघितले की लै दिसतात. तेच बारानं भागून दाखवले की गडी गप बसतो. तुमचंच बघा. कर्ज फेडून राहिलेले ३ लाख ४० हजार बारा महिन्यांवर टाकले तर महिन्याला २८ हजार आणि वर थोडे, आणि त्यातच लातूर, पॉलिसी, दिवाळी.

म्हणून पगाराचे टक्के सोडा. तुमच्या घरात वाटणी दर महिन्याला नाही, पट्टीच्या दिवशी करायची. एकदाच, पूर्ण वर्षाची. त्यानंतर शेतानं घराला काही द्यायचं असेल तर तारखेला द्यायचं, मागेल तेव्हा नाही.

ओळखीच्या शेतकऱ्याला मी पट्टीच्या पाठीमागं पेन्सिलीनं चार-पाच ओळी लिहून देतो. पेन्सिलच, कारण घरी गेल्यावर मालकीण त्यातले दोन आकडे बदलतेच आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं. तुमच्या पट्टीच्या पाठीमागं मी काय लिहिलं असतं ते सांगतो. पीककर्ज किती ते तुम्ही लिहिलं नाही, दोन एकरांना १ लाख २० हजार धरतो.

पहिली ओळ देण्याची. १ लाख २० हजार भरा, मुदतीच्या आत. मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची ३ टक्के सवलत आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना, दोन्ही धरून व्याज जवळजवळ राहतच नाही. तारीख चुकली की दोन्हीकडून गेलात. कर्जमाफी येईल म्हणून थांबणारे आमच्या गादीवर रोज भेटतात. येईल तेव्हा येईल. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यालाही ५०,००० पर्यंत प्रोत्साहन होतं, हे ती मंडळी सांगत नाहीत. भरल्यावर नवं कर्ज उचलाल, ते बेणं, शेणखत, मजुरी आणि ठिबकाच्या दुरुस्तीचं. त्याला घरानं हात लावायचा नाही, फ्रिज बंद पडला तरी.

दुसरी ओळ लातूर, १ लाख ६० हजार. याचे तीन तुकडे करा. जूनचे ७०,००० खात्यात राहू द्या, महिनाभरासाठी ठेव करून काय मिळणार. ऑक्टोबरचे ४०,००० मुदत ठेवीत टाका आणि मुदत अशी घ्या की हप्त्याच्या आठ दिवस आधी संपेल. मेसचे ५०,००० तुमच्या सरकारी बँकेतल्या खात्यात आणा आणि तिथून दर महिन्याच्या १ तारखेला ५,००० मुलाच्या खात्यात आपोआप जातील असं बँकेला लिहून द्या. पोरगं फोन करून "पप्पा पैसे" म्हणालं की बाप सात हजार पाठवतो, हे मी माझ्या घरात बघितलंय.

तिसऱ्या ओळीत वर्षाची ठरलेली बिलं. पॉलिसी सहामाही ११,४०० धरली तर वर्षाचे २२,८००. सुकन्याचे १२,०००. दिवाळी, लग्नकार्य, आहेर मिळून ४०,०००. आहेर लिहायला लाजू नका. मराठवाड्यात उन्हाळ्यात आहेराचा खर्च दुधापेक्षा जास्त होतो आणि दरवर्षी तो अचानक आल्यासारखा सगळे वागतात.

आता बेरीज करा. ३ लाख ४० हजारांतून २ लाख ३४ हजार ८०० गेले, राहिले १ लाख ५ हजार २००. त्यातले एक लाख आडवेळेचे. हे मी हट्टानं सांगतो. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं उभं पीक पाण्याखाली गेलं, एकाच माणसानं दोन्ही बघितलं. ज्याच्याकडं एक हंगाम काढायचे पैसे नव्हते तो खाजगी सावकाराकडं गेला, शेकडा तीन महिन्याला. त्या लाखाची एक ठेव करू नका. २५,००० च्या चार करा. दवाखान्याला २०,००० लागले तर एकच मोडेल, बाकीच्या तीन चालू राहतील.

उरलेल्या ५,२०० मध्ये मिस्टरांना हॉटेलात जेवायला न्या. ३० टक्के नाही, पण हौस झाली.

राहिला पगार. तो चुलीचा. हप्ता ३,१५०, सासऱ्यांची औषधं, किराणा, दूध, लाइट बिल, सगळं १९ हजारांत बसवायचं. फक्त हप्ता आणि खर्च एका खात्यात ठेवू नका. पगार झाला की त्याच दिवशी ठरलेली रक्कम, समजा १४,०००, तुमच्या खात्यात वळवा आणि घरखर्च तुमच्याच फोनपेवरून, तुमच्या खात्यातून करा. पगाराचं खातं मिस्टरांच्या ॲपमधून काढूनच टाका. नुसतं ठरवून भागत नाही, घाईत बोट जुन्यावरच जातं. पगाराच्या खात्यात मग हप्ता आणि औषधांचेच पैसे राहतील, त्याला डिझेल लागणार नाही.

नवीन खातं एकही काढायचं नाही. आडतीवर हजार शेतकऱ्यांचा पैसा एकाच बँकेत असतो, गोंधळ होत नाही, कारण वहीत प्रत्येकाचं पान वेगळं असतं. तुम्हीही शंभर पानी वही घ्या.

परभणीची कॅशियर

मुनीमकाकांशी एका गोष्टीवर भांडायचंय, पण आधी सासऱ्यांचा हप्ता.

मधल्या काळात त्यांचं नवीन खातं कुठं निघालं का? घरी येऊन अंगठा घेऊन कुणी काढून दिलं का? पीएम किसानसारखे पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधारला त्या वेळी जी बँक जोडलेली असेल तिथं जातात आणि अशी बँक एका वेळी एकच असते. नवीन खातं काढताना फॉर्मवर आधारजोडणीच्या रकान्यात टिक केली की जुनी जोडणी सुटते आणि पुढचा हप्ता नव्या खात्यात. पैसे बुडालेले नसतात. आधारच्या साइटवर ओटीपी टाकून सध्या कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. परत जिल्हा बँकेत आणायचं असेल तर तिथं आधारजोडणीचा अर्ज द्यावा लागेल. नुसती केवायसी करून ते होत नाही. काउंटरवर रोज पाच-सहा जण हेच विचारायला येतात, त्यातले निम्मे तर सेतूवाल्याला शंभर रुपये देऊन आलेले असतात.

आता भांडण. काका, आडवेळेच्या लाखासाठी चार ठेवी कशाला? बहुतेक बँकांत ऑटो स्वीप मिळतं. खात्यात ठरलेल्या रकमेच्या वर जे असेल ते आपोआप ठेवीत जातं आणि लागलं तर तेवढंच मोडून परत येतं. बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास मिळतं, वर्षाच्या ठेवीवर सहाच्या पुढं. पैसा झोपत नाही आणि कागद सांभाळावे लागत नाहीत.

तुमच्या घरात मला दिसलेली खरी जोखीम मात्र वेगळी आहे. साडेचार लाख एकट्या सासऱ्यांच्या नावावरच्या खात्यात पडून आहेत. उद्या त्यांना दवाखान्यात ठेवलं तर सही कोण करणार? त्या बचत खात्यात सासूबाईंचं किंवा मिस्टरांचं नाव घाला, "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीनं. पीककर्जाच्या खात्याचं वेगळं, ते त्यांच्याच नावावर राहील. नॉमिनी नोंदवलाय का ते पासबुकाच्या पहिल्या पानावर बघा. नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

पैसा कुठं किती ठेवायचा याचाही एक आकडा लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२० पासून बँक बुडाली तर एका माणसाला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही, नाव कितीही बँकेसारखं असलं तरी.

मोंढ्यातला मुनीम

मॅडम, स्वीप चांगलंच आहे, पण पगारदाराला. आमच्या माणसाला ॲपवर शिल्लक लाखाची दिसली की ती खर्चायची वाटते. ठेव मोडायला बँकेत जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, तुमच्यासारख्या मॅडम विचारतात "कशाला मोडायलाव?" त्या प्रश्नावर निम्मे लोक परत जातात. दीड-दोनशे रुपये व्याज कमी मिळालं तर मिळू द्या.

जॉइंटचं मात्र शंभर टक्के बरोबर, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अंबाजोगाईकर

मी बचत गटाची सचिव. पिग्मीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या भागात एका पतसंस्थेचं शटर एका सकाळी बंद झालं. आमच्या गल्लीतल्या बायकांचे त्यात अडकलेले पैसे अजून निघायलेत, थोडेथोडे, तेही अर्ज करून करून. व्याज बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देत होते, त्यालाच सगळे भुलले. तेव्हा पिग्मी पुढं वाढवू नका.

पण ताई, उद्या लगेच बंद करा असंही म्हणणार नाही. मुदतीच्या आत मोडली तर व्याज जातं, कुठं कुठं एजंटचं कमिशनही कापतात, ते आधी विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते ५० रुपये सासूबाईंचे आहेत. रोज कुणीतरी दारात येऊन त्यांच्या हातानं पैसे घेऊन त्यांच्या पुस्तकावर आकडा लिहून देतं. तुम्ही सगळं मोबाइलवर नेलं की त्या घरातल्या पैशातून बाहेर पडल्या. आमच्या आत्याबाईंना मी पोस्टात आवर्ती ठेव काढून दिली, पासबुक त्यांच्याच उशाखाली. दर महिन्याला रिक्षानं स्वतः भरायला जातात, येताना जिलेबी आणतात. चालतंय मग.

सोन्याचं कुणी विचारलं नाही, मीही बोलत नाही. तो वेगळा धागा होईल आणि त्यात भांडणं होतील.

वसमतची थोरली

सगळ्यांचे आभार. बरंच मार्गी लागलंय.

परभणीच्या ताईंनी म्हटल्यासारखंच निघालं. दिवाळीनंतर गावात कॅम्प लागला होता, तिथं सासऱ्यांचं खातं काढलेलं. त्यांना वाटलं आधार अपडेट झालं. हप्ता तिथंच पडून आहे. आता जिल्हा बँकेत परत न आणता तो तिथंच राहू द्यायचा ठरलंय, सासऱ्यांच्या स्वतःच्या खर्चाला. पान, तंबाखू, वारीचं भाडं. ते एकदम खूश आहेत, म्हणतात हे पहिल्यापासून असंच पाहिजे होतं.

पीककर्जाचा अंदाज काकांनी बरोबर धरला, १ लाख १८ हजार आहे. शनिवारी भरलं. जिल्हा बँकेच्या खात्यात मिस्टरांचं नाव घालायला अर्ज दिलाय. मॅनेजर म्हणाले दोघांनाही फोटो आणि पॅन घेऊन परत यावं लागेल.

पेन्सिलीच्या आकड्यांत मी दोन बदलले. दिवाळी-आहेराचे ४०,००० होते, ते ३०,००० केले, कारण नणंदेकडचं लग्न उरकलंय. सुटलेले दहा हजार सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी वेगळे काढले. मिस्टरांना आडवेळेचा लाख पटत नव्हता, त्यांचं म्हणणं जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय. शोरूममध्ये काम करणाऱ्या माणसाला रोज कुठला ना कुठला ट्रॅक्टर स्वस्तात मिळत असतो. तीन ठेवी झाल्या, चौथीवर चर्चा सुरू आहे.

पिग्मी सप्टेंबरात मुदत संपेपर्यंत चालू ठेवतोय. सासूबाई म्हणाल्या, पोस्टात जाईन, पण एजंट चांगला पोरगा आहे, चहाला येऊ दे.

काका, एक राहिलं. लातूरचा मेसवाला म्हणतोय वर्षाचे एकदम भरले तर ३,००० कमी करतो. भरून टाकू का? ठेवीवर एवढं व्याज तर मिळणार नाही.

मोंढ्यातला मुनीम

हिशेबानं बघाल तर त्याचंच बरोबर आहे. तरी भरू नका. जुलैत भाजी बरी असते, पैसे आधीच आलेले असले की ऑगस्टपासून ती पातळ होत जाते. पोरगं पहिल्या दोन महिन्यांत मेस बदलतंच, माझ्या दोन्ही भाच्यांनी बदलली. महिन्याचे महिन्याला द्या. फार आग्रह धरला तर तीन महिन्यांचे एकदम देतो म्हणा, पाचशे तरी सोडवून घ्या आणि पावती मागा. रूमच्या डिपॉझिटची पावती वेगळी घ्या, त्यावर परत करायची तारीख लिहून घ्या.

मूल दहा वर्षांच्या वर असलं की त्याला स्वतः चालवता येईल असं खातं बँका काढून देतात. ते तुमच्याच बँकेत काढा, म्हणजे १ तारखेचे ५,००० तिथल्या तिथं वळतील. एटीएम कार्डावर रोजची मर्यादा कमी करून घ्या. लातूरला आलात की मोंढ्यात या, गादी कुणालाही विचारा. ट्रॅक्टरचं मिस्टरांशी मी बोलतो.